रात्रीत बसलेला नवा टायर: घरी केलेल्या एका टायरबदलाचं प्रकरण

शनिवारी संध्याकाळी घरच्या पार्किंगमध्ये चढवलेला मागचा टायर रविवारी सकाळी पार बसला होता. टायर नवा, ट्यूब नवी, आणि गाडी गेटबाहेर गेलेलीच नाही, त्यामुळे खिळ्या-काट्याचा प्रश्नच नव्हता. भाच्याचा फोन आला, "मामा, दुकानदारानं ट्यूब फॉल्टी दिली." मी म्हटलं, "ट्यूब बाहेर काढू नकोस. आहे तसं राहू दे, मी येतो."

ट्यूब फॉल्टी नव्हती. ती कशानं गेली हे तिच्यावरच उमटलेलं होतं. घरी टायर बदलणाऱ्यांचं काम जिथं फसतं, ती जागा बहुतेकदा हीच असते, म्हणून हे प्रकरण बारकाव्यांसकट मांडतो.

गाडी आणि हौसेमागचं कारण

गाडी रॉयल एन्फील्ड हिमालयन, ४११ सीसीची. २०१६ साली आलेलं मॉडेल. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७, दोन्ही चाकं तारांची. तारांच्या रिमला प्रत्येक स्पोकसाठी आरपार भोक असतं आणि त्यात निपल, म्हणजे स्पोक ताणून धरणारा छोटा नट, बसवलेला असतो. अशा रिममध्ये हवा थेट कोंडून राहत नाही, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा बराच वेळ तग धरते आणि रस्त्याकडेला प्लग ठोकून पुढे निघता येतं. ट्यूबवाल्या गाडीत खिळा लागला की चाक काढा, टायर उचकटा, ट्यूब ओढा, भोक शोधा, असं सगळं साग्रसंगीत.

भाचा जूनअखेरीस मित्राबरोबर हिमाचलातल्या स्पितीला निघालाय. काझाहून लोसर, कुंझुमची खिंड, बातल करत ग्राम्फूला उतरायचा बेत आहे. लोसर मागे पडलं की दगडगोटे, रस्त्यावरून वाहणारे नाले आणि मध्ये एखाददुसरा ढाबा. पंक्चरवाल्याची पाटी त्या पट्ट्यात शोधू नये. तिथं टायर स्वतः उघडता आला पाहिजे, म्हणून त्याचा सराव साताऱ्यात घरी करायचा, हा त्याचा विचार मला पटला.

पैसे वाचवायला मात्र कुणी या भानगडीत पडू नये. चाक खोलून नेलं तर दोनशे-अडीचशे रुपयांत पंक्चरवाला टायर बदलून देतो, तुमचा चहा संपायच्या आत. चांगले लिव्हर (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), हवा मोजायचं मीटर, पायपंप आणि वॉलची, म्हणजे हवा भरायच्या नळीची, पिन काढायची चावी एवढं घ्यायचं तर त्याच्या कितीतरी पट जातात. घरी करायचं ते हाताला कळावं म्हणून. अलॉय रिमच्या ट्यूबलेस गाडीसाठी तर मी उलटच सांगेन: दुकानात जा. तिथं टायरची कड रिमच्या उंचवट्यापलीकडे घट्ट बसलेली असते, बसवताना कॉम्प्रेसरचा झोत लागतो, आणि लिव्हरनं रिमच्या ओठाला खरवड पडली तर त्या जागेतून हवा झिरपत राहते.

खरेदी ठीक झाली होती

टायर घेताना पोरांनी चूक केली नव्हती. कंपनीच्याच मापाचा, १२०/९०-१७, आणि मापानंतर लिहिलेलं ६४ एस. ६४ म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त २८० किलो भार, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. दोन माणसं आणि सामान धरूनही हे पुरेसं आहे. कडेला लंबगोलात चार आकडे असतात, तेही त्यांनी वाचले होते. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. म्हणजे ३८२४ असेल तर २०२४ चा अडतिसावा आठवडा. दुकानाच्या माळ्यावर तीन-चार वर्षं पडलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारायचे प्रकार होतात, आणि घासाघीस करताना माणूस हे चार आकडे बघायचं विसरतो.

जुना टायर मधोमध सपाट झाला होता. खाचांच्या तळाशी झिजेची खूण दाखवणारे छोटे उंचवटे असतात, ते वरच्या रबराच्या पातळीला आले होते. दुचाकीच्या खाचेची खोली ०.८ मिमीच्या खाली गेली की टायर कायद्यानंही बाद धरतात. पावसात घाट उतरणाऱ्यानं तिथवर थांबूच नये.

ट्यूब त्याच मापाची घेतली होती. हेही मुद्दाम सांगतो, कारण "एक नंबर लहान चालते, ताणून बसते" असं सांगणारे बरेच भेटतात. ताणलेल्या ट्यूबचं रबर पातळ होतं आणि भोक पडलं की फाटत जातं.

शनिवारी काय झालं

शनिवारी मी तिथं नव्हतो. पुढचं सगळं दोघांनी सांगितलेलं, आणि रविवारी टायर, रिम आणि ट्यूब यांनी सांगितलेलं.

चाक काढणं व्यवस्थित झालं. गाडी डबल स्टँडवर, एक्सलचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा, नट सैल, दोन्हीकडचे चेन ॲडजस्टर ढिले, चाक पुढे ढकलून चेन स्प्रॉकेटवरून उतरवली, एक्सल ओढला. दोन्ही बाजूंचे बुश कुठला कुठला ते फोनवर फोटो काढून ठेवलं. ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपर एका दोरीनं चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, बांधला आणि पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. चाक बाहेर असताना कुणी चुकून ब्रेकवर पाय दिला तर पिस्टन पुढे येतो आणि मग डिस्क आत जाता जात नाही, पुठ्ठा त्यासाठी. शाबासकी द्यावी असं काम.

बीड, म्हणजे टायरची तारवाली कड, रिमपासून सोडवायलाही त्यांनी डोकं लावलं. चाक आडवं टाकून मित्राच्या गाडीचा साइड स्टँड टायरवर, रिमला अगदी लागून टेकवला आणि गाडी त्या बाजूला झुकवली. गाडीचं वजन त्या एका बिंदूवर आलं आणि बीड 'फटक' आवाज करत सुटली. ही युक्ती जुनी आहे आणि प्रवासात हमखास उपयोगी पडते. त्यात एकच जपायचं, ते म्हणजे डिस्क. चाक थेट फरशीवर टाकलं तर सगळा भार डिस्कवर येतो, आणि डिस्क थोडी जरी वाकली तरी ब्रेक मारताना पायाखाली थडथडतं. पोरांनी खाली कारचा जुना टायर घातला होता, त्यामुळे डिस्क अधांतरी राहिली.

जुना टायर निघाला. मग नवा चढवताना अडलं.

त्यांच्या सांगण्यानुसार पहिली कड हातानंच गेली. ट्यूब आत घातली, वॉल रिमच्या भोकातून काढून त्याचा नट पार आवळला. मग दुसरी कड वॉलपाशी आत दाबली आणि तिथून दोन्ही बाजूंनी लिव्हर मारत निघाले. अर्ध्यावर येईपर्यंत सोपं होतं. शेवटचा वीतभर भाग काही केल्या जाईना. "मामा, लिव्हर वाकायला लागला होता. मग ह्यानं गुडघ्यानं दाबून धरलं, मी दोन्ही हातांनी ओढलं, आणि गेला एकदाचा." हवा तीस भरली, मीटरवर तीसच दाखवत होती. दोघंही खूश.

त्याचं हे वाक्य ऐकलं तेव्हाच मला भोक कुठं सापडणार याचा अंदाज आला होता.

रविवारी: आधी स्वस्तातलं तपासायचं

तरी थेट टायर उघडला नाही. ट्यूबवाल्या चाकातून हवा जायच्या जागा मोजक्याच: वॉलची पिन, वॉलचं बूड, रिमच्या बाजूनं निपल टोचल्याचं भोक, बाहेरून काट्याचं भोक, आणि लिव्हरची चिमट. यातली पहिली दोन बाहेरून तपासता येतात. पायपंपानं वीस हवा भरली आणि वॉलच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावला. बुडबुडा आला नाही, म्हणजे पिन ठीक. वॉलच्या बुडाभोवती साबणाचं पाणी सोडलं, तिथंही शांत. मग कान लावला, तर वॉलच्या बरोबर समोरच्या बाजूनं, चेनच्या अंगाला, बारीक सू-सू येत होती. हवा फुटते एकीकडे आणि टायर-रिमच्या फटीतून बाहेर पडते दुसरीकडे, असं होऊ शकतं, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नसतो.

उघडण्याआधी खडूनं तीन खुणा केल्या: वॉलच्या जागी टायरवर एक रेघ, सू-सूच्या जागी दुसरी, आणि डिस्कच्या बाजूला टायरवर 'डि'. ट्यूब काढताना तिच्यावरही त्याच बाजूला 'डि' लिहिलं. ही खूण केली नाही तर बाहेर काढलेली ट्यूब उलटी की सुलटी हे नंतर कुणाच्या बापाला कळत नाही, आणि भोक सापडूनही कारण सापडत नाही.

ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवली. एक भोक लगेच दिसलं, बुडबुड्यांची माळच. भाचा पॅच चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब उघडायला निघाला. मी म्हटलं, थांब, अजून फिरव. दोन बोटं अंतरावर दुसरी चीर होती, इतकी बारीक की ट्यूब ताणल्याशिवाय बुडबुडा सुटेना. पहिल्या भोकाला पॅच मारून टायर चढवला असता तर सोमवारी सकाळी पुन्हा तेच.

आता त्या भोकांकडे बघा. काट्याचं भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, टायरच्या नक्षीकडे असतं, आणि टिंबासारखं असतं. निपल टोचला तर भोक आतल्या अंगाला, बरोबर मधल्या रेषेवर येतं. वॉलच्या बुडाशी फाटलं असेल तर टायर कमी हवेवर चालून रिमवर सरकलेला असतो आणि ट्यूबला ओढून नेतो. आमची भोकं यातली कुठलीच नव्हती. दोन चिरा, एकमेकींना समांतर, आतल्या अंगाला पण मध्यापासून चेनच्या बाजूला सरकलेल्या. ट्यूबची घडी लिव्हर आणि रिमच्या ओठामध्ये सापडली की दोन्ही थर एकदम कापले जातात, म्हणून जोडी. ट्यूब टायरवर वॉलला वॉल लावून ठेवली, तर जोडी आली खडूच्या दुसऱ्या रेघेवर, वॉलच्या अगदी समोर. टायरच्या कडेवर त्याच जागी रबर खरवडलं होतं आणि रिमच्या रंगावर चकचकीत ओरखडा होता. शेवटचा लिव्हर जिथं दोन्ही हातांनी ओढला, तीच जागा.

हवा रात्रीत हळूहळू का गेली, संध्याकाळीच का नाही गेली, असं भाच्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. चिरा बारीक होत्या आणि हवेच्या दाबानं ट्यूबचा तो भाग रिमवर चेपून बसला होता, त्यामुळे गळती मंद राहिली. मीटरवर संध्याकाळी तीस दिसणं म्हणूनच पुरेसं नसतं.

चूक लिव्हरची नव्हती, सुरुवातीच्या जागेची होती

रिम आडवी कापली तर मधोमध एक खोलगट पन्हाळ दिसते, आणि दोन्ही कडांना उंच ओठ. टायरच्या बीडमध्ये पोलादी तारांचं वेटोळं असतं आणि ते ताणलं जात नाही. मग ताणलं न जाणारं वेटोळं आपल्याहून मोठ्या ओठावरून पलीकडे जातं कसं? एका बाजूला ते पन्हाळीत खाली उतरतं, तेवढी सैल जागा समोरच्या बाजूला मिळते, आणि तिथं ते ओठावरून सरकतं. टायर चढवण्याचं सगळं गणित या दोन-तीन सेंटीमीटर खोलीत आहे. समोरची बीड पन्हाळीत नसेल तर पैलवान आणला तरी उपयोग नाही; तो लिव्हर वाकवेल, नाहीतर बीडच्या तारा तोडेल.

आता वॉलच्या जागी पन्हाळीत काय असतं? वॉलचं जाड बूड. त्यात यांनी नट आवळून ते बूड पन्हाळीच्या तळाशी घट्ट बसवलेलं. सुरुवात वॉलपाशी केली, म्हणजे आधी आत गेलेली बीड त्या बुडावर टेकून राहिली, खाली उतरलीच नाही. समोरच्या बाजूला सैल जागा मिळणार कुठून? म्हणून शेवटचा वीतभर भाग जाईना, म्हणून लिव्हर खोल खुपसला, म्हणून ट्यूब चिमटली.

उशीला घट्ट अभ्रा घालताना शेवटचा कोपरा जात नसेल तर आपण तो कोपरा ओढत बसत नाही, दुसऱ्या टोकाची उशी आत दाबतो, हेही तसंच. वॉलच्या समोरून सुरू करायचं आणि वॉलपाशी संपवायचं. संपवताना वॉल अंगठ्यानं आत, टायरच्या पोकळीत ढकलायचा, म्हणजे बूड वर उचललं जातं आणि बीड त्याच्याखालून पन्हाळीत जाते. हे एकदा नीट समजलं की बाकीच्या सगळ्या सूचना आपोआप सुचतात.

दुसरी खेप

दुसऱ्या खेपेत घाई नव्हती. टायर उन्हात टाकून ठेवला. मे महिन्यातल्या साताऱ्याच्या उन्हात तासाभरात रबर इतकं मऊ पडतं की थंडीत याच कामाला दुप्पट झटापट लागते हे खरं वाटू नये. स्पितीत पहाटे टायर उघडायची वेळ आली तर आधी उन्हाची वाट बघा, असं पोरांना सांगून ठेवलंय.

तेवढ्यात रिम तपासली, आणि पुढचं पंक्चर तिथं तयारच बसलेलं दिसलं. निपलांवरून जाणारी रबरी पट्टी, रिम टेप, शनिवारच्या ओढाताणीत एका बाजूला सरकली होती आणि तीन निपलांची डोकी उघडी पडली होती. चिमट नसती झाली तरी शे-दोनशे किलोमीटरवर यातल्या एकानं ट्यूब खाल्लीच असती. पट्टी सरळ केली, वॉलचं भोक भोकावर आणलं, गंजाचे दोन-चार पोपडे पॉलिश पेपरनं घासले, सगळ्या निपलांवरून बोट फिरवलं. टायरच्या आतूनही हात फिरवला. हळू फिरवायचा, कारण आत राहिलेली तार किंवा काटा बोटालाच आधी सापडतो.

नवी ट्यूब आणली. चिरा पडलेल्या ट्यूबचं काय करायचं यावर थोडी वादावादी झाली. भाच्याचं म्हणणं, पॅच मारून तीच घालू, चार-पाचशे रुपये कशाला घालवायचे. शहरात फिरणाऱ्या गाडीला मी हो म्हटलं असतं. दोन्ही चिरा झाकणारा एक मोठा पॅच, खाली रबर नीट घासलेलं, सोल्युशन बोटाला न चिकटण्याइतकं सुकू दिलेलं, मग तो पॅच वर्षानुवर्षं टिकतो. सोल्युशन ओलं असताना पॅच दाबणं ही घरच्या पंक्चरची नेहमीची माती. पण लांबच्या प्रवासाला निघताना चाकात चिरा पडलेली ट्यूब नको. ती पॅच करून सरावाला ठेवली.

ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळली, म्हणजे ती टायरच्या आत चिकटत नाही, घड्या पडत नाहीत. अंगाला लावायची टाल्कम पावडर चालते, तीच वापरली; घरात वास दोन दिवस. ट्यूबमध्ये जेमतेम गोल आकार धरेल एवढीच हवा भरली. पार रिकामी ट्यूब लिव्हरखाली येते, जास्त भरलेली जागा अडवते. वॉलचा नट दोन आटे फिरवून सोडून दिला, आवळला नाही.

टायरवर दोन खुणा बघायच्या असतात. एक, फिरण्याच्या दिशेचा बाण. चेन कुठल्या बाजूला आहे ते आठवून चाक मनात गाडीवर ठेवायचं आणि मग बाण बघायचा, नाहीतर सगळं होऊन गाडीला चाक लावताना बाण उलटा निघतो. दोन, पिवळा ठिपका. तो टायरची हलकी बाजू दाखवतो, आणि वॉल ही चाकाची जड बाजू, म्हणून ठिपका वॉलपाशी. ठिपका प्रत्येक टायरवर असेलच असं नाही, आमच्यावर होता.

भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी दोन्ही कडांना लावलं. मित्रानं ग्रीस सुचवलं. ग्रीस, ऑइल, रॉकेल, डिझेल यातलं काहीही रबराला लावायचं नाही. रबर फुगतं, सैल पडतं, आणि ब्रेक मारला की टायर रिमवरच फिरतो. साबणाचं पाणी सुकून जातं, तेच त्याचं काम.

पहिली कड गुडघ्यानं दाबत, तिरकी धरून एका लिव्हरमध्ये गेली. दुसरी कड वॉलच्या समोरून सुरू. भाचा दोन्ही गुडघे टेकून त्या बाजूवर बसला, म्हणजे तिथली बीड पन्हाळीतून वर येऊ नये. मग डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं. लिव्हर अंगठ्याच्या पेराएवढाच आत, त्याहून खोल नाही, आणि एका वेळी तीन बोटांएवढाच घास. लिव्हरचं टोक आत गेलं की उचलायच्या आधी हलवून बघायचं: रबराचा मऊ अडथळा लागला तर खाली ट्यूब आहे. रिमच्या ओठावर पाण्याच्या बाटलीचे कापलेले तुकडे घडी करून बसवले, ओरखडे पडू नयेत म्हणून.

शेवटचा भाग वॉलपाशी आला आणि पुन्हा घट्ट वाटायला लागलं. भाच्याचे हात आपोआप लिव्हरवर जोर द्यायला गेले. त्याला थांबवून समोर बघायला लावलं, तर तो उठल्याबरोबर बीड पन्हाळीतून वर आली होती. पुन्हा दाबली, मित्राला तिथं बसवलं, वॉल आत ढकलला, आणि राहिलेली कड लिव्हरनं नाही, दोन अंगठ्यांनी आत गेली. भाचा नुसता बघत राहिला.

हवा भरण्याची पद्धत अशी: पिन काढून ठेवायची, टायर बसेपर्यंत भरायचं, मग सगळी सोडून द्यायची, आणि पिन लावून पुन्हा भरायचं. पहिल्या भरण्यात ट्यूबला कुठं घडी पडली असेल तर सोडल्यावर ती सुटते. टायरच्या कडेला रिमला समांतर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर आली म्हणजे बीड बसली. आमची डिस्कच्या बाजूला वीतभर आत राहिली होती. हवा सोडली, तिथं पुन्हा साबणपाणी लावलं, चाक जमिनीवर दोन-तीनदा आपटलं आणि पुन्हा भरलं. या वेळी बसल्याचा आवाज आला. बीड बसेना म्हणून हवा वाढवत नेणारे लोक असतात. टायरवर कमाल हवा लिहिलेली असते, तिच्या पुढे जायचं नाही. फुटलेला टायर बोटं घेऊन जातो.

वॉलचा नट शेवटीही रिमवर आवळला नाही, वर टोपीपाशी नेऊन ठेवला. कमी हवेवर टायर रिमवर सरकायला लागला की वॉल तिरका होतो आणि लगेच दिसतो. नट आवळलेला असेल तर वॉल सरळच दिसत राहतो आणि बुडाशी फाटतो. कंपनीतून गाड्या नट आवळूनच येतात, असं भाचा म्हणाला. येत असतील, मी सैलच ठेवतो.

चाक परत लावताना स्प्रॉकेटमागचे धक्का शोषणारे कुश रबर आपापल्या खाचेत आहेत ना ते पाहिलं, बुश फोटोप्रमाणे, डिस्क पॅडमध्ये अलगद. चेन ताणताना चिमट्यावरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणल्या आणि एक्सल टॉर्क पान्यानं मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आवळला. गाडी हलवण्याआधी ब्रेकचा पेडल कडक होईपर्यंत दाबला. हा दाब विसरलात तर पार्किंगमधून निघताना पहिला ब्रेक पोकळ जातो, आणि गेट समोर असतं.

त्यानंतर

रात्री हवा मोजली, सकाळी मोजली, एकसारखी. सकाळी गार टायरवर मोजायची. चालवून आल्यावर आकडा चढलेला असतो. मग भाचा यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन आला, सावकाश. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटायला लावलेलं निसरडं लेपन असतं; पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवायची नाही आणि जोरात ब्रेक मारायचा नाही. परत आल्यावर वॉल सरळ होता, एक्सलचा नट जागेवर होता, हवा तेवढीच.

दुकानदाराला फोन करून ट्यूब बदलून मागायचं भाच्याच्या मनात होतं, ते त्यानं सोडलं.

स्पितीच्या सामानात आता दोन्ही मापांच्या नव्या ट्यूब आहेत. पुढची २१ इंची ट्यूब नड आली तर मागच्या चाकात कोंबून चालते असं म्हणतात, पण जागा आहे तर दोन्ही न्याव्यात. शिवाय दोन लिव्हर, पायपंप, मीटर, वॉलची चावी, पॅच, सोल्युशन, एक्सलचा पाना आणि साबणाची वडी. सोल्युशनच्या दोन ट्यूब घ्यायला सांगितल्यात, कारण एकदा उघडलेली ट्यूब टोपी लावली तरी महिनाभरात आत सुकून बसते, आणि ते कळतं नेमकं बातलच्या अलीकडे.

पुढचा टायर अजून बदलायचा आहे. तो अरुंद आहे आणि वेटोळं मोठं, त्यामुळे तुलनेनं सोपा जाईल. तो पुढच्या रविवारी, घरचे तीन लांब लिव्हर बाजूला ठेवून, बरोबर न्यायच्या दोन आखूड लिव्हरांनीच करायचा असं ठरलंय. या वेळी मित्र लिव्हर मारणार आणि भाचा वॉलच्या समोर बसणार.